आमचं दार जरा घासतं

कोशात 'जरा' या शब्दाचा अर्थ 'थोडे, किंचित, अल्प' असा दिलेला आहे. कोश रचणाऱ्या विद्वानाने आयुष्यात कधी सुतार बोलावला नसावा, एवढंच मी यावर नम्रपणे म्हणेन.

'जरा' हा शब्द मोजमापाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडे येऊन राहावं. शेजारीण "जरा साखर देता का?" म्हणते तेव्हा तिच्या शब्दाकडे न बघता हातातल्या डब्याकडे बघावं. पाहुणे "जरा टेकतो" म्हणाले की स्वयंपाकघरात जाऊन रात्री जेवायला माणसं किती ते सांगून यावं. डॉक्टर "जरा दुखेल" म्हणाले की टेबलाची कड धरावी, आणि ऑफिसात साहेब "जरा आत या" म्हणाले की जाण्याआधी पाणी पिऊन घ्यावं. माझा अनुभव असा, की हा शब्द किती ते सांगतच नाही. समोरच्याने नाही म्हणू नये म्हणून तो आधी पुढे करतात. सुई टोचण्यापूर्वी दंडावर कापूस फिरवतात, तसा.

आमचे वडील आमच्याकडे राहायला आले तेही 'जरा चार दिवस' म्हणूनच. त्या चार दिवसांत माझी मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, माझ्या डोक्यावरचे केस गेले आणि कोपऱ्यातली खोली बाबांची खोली झाली. त्यामुळे एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत बाबा जेव्हा म्हणाले, "मी म्हणतो, जरा थोरल्याकडे जाऊन येतो," तेव्हा मी त्या 'जरा'ची लांबी मनात मोजू लागलो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"जरा राहतो. तो रविवारी गाडी घेऊन येतो म्हणालाय."

म्हणजे दादाशी फोनही झाला होता. माझ्या हातातलं बिस्किट कपात बुडालं. आता सांगून टाकतो, त्यात लाज कसली? बाबा घरात असले की मला बरं वाटतं. मी पन्नाशी ओलांडली आहे, ऑफिसात चार जण मला उठून नमस्कार करतात, पण संध्याकाळी घरात शिरताना "आलास का?" असं एकेरीत विचारणारं कुणी असलं की दिवसभराचा शीण उतरतो. ते बंद होणार, हे मला काही केल्या पचेना.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबांच्या खोलीचं दार फरशीला घासायचं. उघडताना घरघर करायचं, लावताना कुरकुर करायचं. आदल्या आठवड्यात ते पुरतं अडकलं आणि बाबा आत राहिले. त्यांनी हाक मारली. मी बातम्या बघता बघता "आलो जरा!" म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून "आले हं जरा!" म्हणाली. मुलगी तिच्या खोलीतून "जरा थांबा आजोबा, आलेच!" म्हणाली. आमचं घरच असं प्रेमळ आहे, एका हाकेला तीन ओ. पण झालं काय, की प्रत्येकाला दुसऱ्याची ओ ऐकू गेली आणि तो गेलाच असेल म्हणून प्रत्येक जण निर्धास्त राहिला. बातम्या संपल्या, हवामान झालं, खेळ झाले, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की बाबा बाहेर आलेले नाहीत. मी खांदा लावून दार ढकललं. त्या धक्क्याने दारामागे अडकवलेला रेनकोट माझ्या डोक्यावर पडला, त्यामुळे प्रसंगाचं गांभीर्य थोडं कमी झालं.

बाबा पलंगावर शांत बसले होते. "तिघंही आलो म्हणालात, म्हणून वाट बघत बसलो," एवढंच ते बोलले. त्या दिवसापासून ते जरा गप्पच होते. (इथे 'जरा'चा अर्थ फार, असा घ्यावा.)

तेव्हा मी ठरवलं. रविवारच्या आत हे दार असं करायचं, की बाबांनी थोरल्याच्या घरच्या दारांना नावं ठेवावीत.

सुताराला फोन केला. तो म्हणाला, "जरा वेळात पोचतो." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. दाराकडे त्याने बराच वेळ पाहिलं, जीभ टाळूला लावून एक आवाज काढला, आणि "उतरवायला लागेल. जरा रंधा मारला की झालं," असा निकाल दिला. मी म्हटलं, मारा. तर म्हणाला, "जरा हत्यारं घेऊन येतो." हत्यारं न घेता आलेला सुतार आणि स्टेथोस्कोप न घेता आलेला डॉक्टर यांना काय म्हणावं ते मला कळत नाही, पण दोघांनाही चहा द्यावा लागतो. चहा पिऊन, आपली फूटपट्टी आमच्याकडे ओलीस ठेवून तो गेला.

त्याला जिन्यापर्यंत पोचवायला मी बाहेर आलो आणि तिथे समोरच्या काकू भेटल्या. काकूंना सुतार दिसला होता, त्यामुळे त्यांनी विचारणं आणि मी सांगणं भागच होतं. मी म्हणालो, "काही नाही हो काकू, बाबांचं दार जरा घासतं." मी एवढंच बोललो. हे वाक्य जसंच्या तसं देतोय, कारण पुढे सगळ्या इमारतीत माझ्या तोंडी बरंच काही घातलं गेलं.

"दारं घासत नाहीत," काकू म्हणाल्या, "फरशी वर येते. माझ्या बहिणीकडे अशीच जरा वर आली होती. शेवटी घर सोडावं लागलं तिला."

काकूंनी हे वरच्या मजल्यावरच्या साहेबांना सांगितलं. हे साहेब पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे जगात काहीही बिघडलं की त्याचं मूळ ते जमिनीखाली शोधतात. ते लगेच खाली आले, आमच्या दारात उभे राहिले आणि मास्तरांसारखं मलाच विचारू लागले.

"फरशी वर कशी येईल? चौकट तिरकी झालीय. आणि चौकट कशामुळे तिरकी होते?"

मला शाळेत असतानाही वर्गात विचारलं की काही सुचत नसे. मी चौकटीकडे बघू लागलो.

"भिंत जरा सरकली की!" साहेब समाधानाने म्हणाले आणि वर गेले.

दिवेलागणीला सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, तुमच्याकडे इमारत जरा कललीय म्हणे?" जणू बाकीच्यांकडे ती सरळ होती आणि फक्त माझ्या घरात येऊन कलली होती. मी सांगत होतो की दार, दार, नुसतं दार! पण आता उशीर झाला होता. दाराची फरशी झाली, फरशीची भिंत झाली, भिंतीची इमारत झाली. 'जरा' तेवढा कुणी वाटेत हरवू दिला नाही. माणसं मुळात प्रामाणिक असतात ती अशी.

त्या रात्री आमच्या इमारतीत कुणी टीव्ही लावला नाही. कुणीतरी कुठेतरी ऐकलं होतं, की जमिनीवर गोटी ठेवली आणि ती घरंगळली तर इमारत कललेली असते. झालं! ज्यांच्याकडे गोट्या होत्या त्यांनी गोट्या सोडल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी लिंबं सोडली. एका घरात कांदा सोडला गेला, पण कांद्याचा निकाल ग्राह्य धरला गेला नाही. सगळीकडे काही ना काही घरंगळलंच. समोरच्या काकूंची गोटी पूर्वेला गेली, साहेबांची पश्चिमेला, आमची उत्तरेला, सेक्रेटरींचं लिंबू दक्षिणेला जाऊन सोफ्याखाली बेपत्ता झालं. यावरून इमारत चारही बाजूंना जरा जरा कलली आहे असं ठरलं. चारही बाजूंना सारखीच कललेली इमारत सरळ असते, असं माझी मुलगी म्हणाली. तिला सगळ्यांनी गप्प बसवलं.

सकाळी सेक्रेटरी स्वतः आले. "पाहणी होईपर्यंत त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. पुरावा आहे तो."

आणि नेमका त्याच वेळी, हत्यारांची पेटी घेऊन, कानावर पेन्सिल खोचून, सुतार दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा एखादा सुतार दुसऱ्याच दिवशी परत आला होता आणि त्याला मला परत पाठवावं लागत होतं! त्याला काही वाटलं नाही. "मग जरा थांबतो की," म्हणून तो बसला. चहा झाला.

"पण पाहणी कधी?" मी काकुळतीने विचारलं. "रविवारच्या आत व्हायला हवी हो."

"महापालिकेच्या तपासनीसांना सांगितलंय. जरा वर्दी गेलीय वरपर्यंत," सेक्रेटरी म्हणाले. त्यांना या सगळ्यात मजा येत होती असा माझा दाट संशय आहे. एरवी वर्षभर त्यांच्या वाट्याला पाण्याची टाकी आणि पार्किंग याखेरीज काही येत नाही.

त्यात तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भडकलेले. ते आपलं घर विकायला काढून बसले होते. बऱ्याच दिवसांनी एक गिऱ्हाईक आलं, तर जिन्यात त्याला दोन भारदस्त माणसं पालथी पडून लिंबाकडे बघताना दिसली. गिऱ्हाईक दुसऱ्या पायरीवरूनच परत फिरलं. तेव्हापासून हे गृहस्थ मला बघितलं की भिंतीला धरून चालायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "सांभाळून हो, कललीय जरा!"

घरात बाबा बॅग भरू लागले होते. सदरे, औषधं, चष्म्याचं जुनं घर, आईचा छोटा फोटो. मी दारावर खांदा मारून आत गेलो की ते वर बघायचे आणि म्हणायचे, "चाललंय का तुझं?" मी म्हणायचो, "होतंय, बाबा. रविवारच्या आत होतं." ते मान हलवायचे आणि पुन्हा सदऱ्याची घडी घालायचे. त्या घड्या बघवत नव्हत्या मला.

शनिवारी पाहणी ठरली. तपासनीस येणार, सेक्रेटरी येणार, साहेब, काकू, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, आणि काम नसलेले सगळे येणार. मी जिन्यात स्वागताला उभा राहिलो. सुतार आधीच येऊन बसला होता. आता तो घरातलाच झाला होता.

सगळा लवाजमा बाबांच्या खोलीबाहेर जमला. बाबा आत पलंगावर वर्तमानपत्र वाचत होते. दार लावलेलं होतं. तपासनीस म्हणाले, "उघडून दाखवा."

हा माझा क्षण होता. इतके दिवस मी जे सांगत होतो ते आता सगळ्यांना डोळ्यांनी दिसणार होतं. मी बाह्या सरसावल्या, दोन पावलं मागे गेलो आणि रोजच्यासारखा खांद्याचा पुरा जोर लावला.

दार लोण्यासारखं उघडलं. मी त्याच्याबरोबर आत गेलो, पायपुसण्यावरून घसरलो, टेबलाला वळसा घातला आणि थेट बाबांच्या पलंगावर जाऊन बसलो. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला केलं.

"बस," ते म्हणाले. "जरा टेक."

बाहेर कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. तपासनीसांनी दार एका बोटाने लावलं. मग एका बोटाने उघडलं. मग काकूंनी एका बोटाने लावून बघितलं. सेक्रेटरींनी करंगळीने बघितलं.

"दार तर झकास चालतंय," तपासनीस म्हणाले.

"काल घासत होतं हो! आत्ता सकाळीसुद्धा घासत होतं! विचारा बाबांना!" माझा आवाज चिरकला. पण बाबा वर्तमानपत्राआड गेले होते आणि त्यांचं वर्तमानपत्र हलत होतं.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ पुढे आले. "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो," ते म्हणाले. "दार उघडता येईना म्हणून अख्खी इमारत वाकडी करणारा माणूस आज बघितला."

तपासनीसांनी आपली पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी भिंतींना लावली. बुडबुडा सगळीकडे अगदी मधोमध. गोट्यांचं काय, असं साहेबांनी विचारलं, तर ते म्हणाले, "फरशी बसवताना जरा उतार राहतोच." इमारत सरळ झाली. सेक्रेटरी खट्टू झाले. सुताराने दार दोनदा उघडलं-लावलं, "चांगलं आहे की," म्हणाला आणि ओलीस ठेवलेली फूटपट्टी सोडवून घेऊन गेला. जाता जाता मुलं जिन्यात मला 'कलते काका' म्हणाली. ते नाव आता कायमचं झालं आहे.

मी आमच्या खोलीत जाऊन तोंड भिंतीकडे करून पडलो. खोटं बोलून खोटं ठरण्यात एक गंमत असते, निदान आपण खोटं बोलल्याचं सुख तरी असतं. खरं बोलून खोटं ठरलो, याचा मला फार राग आला होता. पण दार आपोआप बरं झालं, हे काय कमी आहे? आता बाबांना तसं सांगायचं, असं मी ठरवत होतो, तेवढ्यात कानावर तो ओळखीचा आवाज आला. घर्रर्र.

मी उडी मारून उठलो आणि बाबांच्या खोलीकडे धावलो. "घासतंय! ऐकलंस? घासतंय! बोलव त्या तपासनीसाला!"

"खबरदार कुणाला बोलावलंत तर," बायको म्हणाली. ती बाबांच्या दारामागे उभी होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या. "एवढी माणसं घरात येणार, आणि दारामागे तो पसारा! म्हणून सकाळी सगळं काढून आपल्या पलंगाखाली ढकललं होतं. तेच परत लावतेय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग तिने एक पिशवी काढली. दुसरी काढली. मी दार हलवलं. आवाज कमी झाला होता.

त्या दाराच्याच आतल्या अंगाला खुंट्यांची एक पट्टी ठोकलेली आहे. त्यावर काय काय होतं ते सांगतो. मुलीची शाळेची दोन दप्तरं, ती आता कॉलेजात असली तरी. छत्र्या, त्यातली एकच आमची. पिशव्या, त्यांच्या पोटात पिशव्या, त्यांच्याही पोटात पिशव्या. काकू विसरून गेलेला स्वेटर. मी व्यायाम सुरू करायचं ठरवलं होतं तेव्हा आणलेली डंबेल्सची थैली. आणि हातोडी-पक्कड-कानशीने भरलेली जड पिशवी, जी मी हे दार घासतं म्हणून स्वतः दुरुस्त करायला आणली होती. प्रत्येक वस्तू कुणीतरी "जरा इथे अडकवते" किंवा "जरा इथे राहू दे" असं म्हणून अडकवलेली. कायमची म्हणून एकही नाही. बिचाऱ्या बिजागऱ्या त्या ओझ्यानेच वाकत होत्या. बाबांची त्यात एकच वस्तू होती, त्यांचा मफलर.

आम्ही सगळं उतरवलं. मी ती हत्यारांची पिशवी काकूंच्या स्वेटरसकट माळ्यावर टाकली, म्हणजे दोन्ही पुन्हा डोळ्यांसमोर यायला नकोत.

रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले होते. बॅग पायाशी. दादा निघाला होता. मी बाबांना उठवून दाराशी नेलं.

"बघा. एका बोटाने."

बाबांनी एका बोटाने दार लावलं. ते आत, मी बाहेर. कसलाही आवाज झाला नाही. थोड्या वेळाने दार तसंच अलगद उघडलं.

"छान झालं," बाबा म्हणाले. "अगदी घट्ट बंद होतं." कुणाच्या तरी नवीन कवळीचं कौतुक करावं तसा त्यांचा आवाज होता.

"मग आता कशाला जाताय? दाराचंच होतं ना?"

"दारासाठी कुणी घर सोडतं का रे?" बाबा पलंगावर बसले. "त्या दिवशी मी आत होतो ना, तेव्हा तुमचे आवाज येत होते. टीव्ही, भांडी, पोरीचं मैत्रिणीशी फोनवरचं खिदळणं. छान चाललं होतं सगळं. मला वाटलं, मी नसलो तरी हे असंच चालणार. मग काल तुम्ही ती पिशव्यांची रास काढलीत. दार कसं मोकळं झालं बघ. मीही जरा म्हणूनच आलो होतो की."

हे ते अगदी साधेपणाने बोलले, तक्रार म्हणून नाही. मला पुष्कळ बोलायचं होतं. संध्याकाळी "आलास का?" कोण विचारणार, हे सांगायचं होतं. हाकेला नुसती ओ न देता उठून येईन, हेही सांगायचं होतं. पण आमच्या घरात असं काही बोलायची पद्धत नाही, आणि इतक्या वर्षांनी ती कुठून सुरू करायची ते मला कळेना. तोंडातून एवढंच आलं:

"बाबा, जरा राहा ना."

बाबांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. "जरा?"

"जरा."

दाराशी बायको आणि मुलगी येऊन उभ्या होत्या. बायकोने पदराने डोळे पुसले आणि मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही गेलात तर मी पण मोठ्या काकाकडे येणार. जरा."

बाबांनी एकदा पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं. मग त्यांनी चपला काढल्या.

"थोरल्याला सांगा, जेवूनच जा म्हणावं. एवढा लांबून येतोय. आणि ते दार बंद नका रे करू कुणी. जरा उघडं असू दे. तुमचा आवाज येत राहतो."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काही म्हणणं मला जमलंच नसतं. "आणि ही बॅग?"

"अडकव तिथे जरा. नंतर लावतो मी कपडे."

दारामागच्या रिकाम्या खुंटीवर मी ती बॅग अडकवली. दार घर्रर्र करत जरासं खाली आलं, फरशीला टेकलं आणि वीतभर उघडं राहून तिथेच थांबलं.

बॅग अजून तिथेच आहे. जराच अडकवलीय.